भरलेला डबा परत

काटेवाले कामावर आले की पहिला दिवस काहीच करीत नसत.

संगणकाचा माणूस म्हणून ज्याला आपण बोलावले, तो पिशवीतून संगणक बाहेरही न काढता दिवसभर एका स्टुलावर बसून दुसऱ्यांची कामे बघत राहतो, हे दृश्य आमच्या लातूरच्या वसतिगृहाला नवे होते. संस्थेचे अध्यक्ष दोनदा व्हरांड्यातून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी मला आत बोलावले आणि विचारले, "अहो, हा माणूस प्रोग्राम करायला आलाय का मुलगी पसंत करायला?" मी मान खाली घालून हसलो. अध्यक्षांच्या विनोदाला हसणे हे मुलींच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापकाचे, म्हणजे माझे, त्या काळातले सर्वांत नियमितपणे पार पाडलेले कर्तव्य होते.

त्यांचे नाव मी पहिल्याच भेटीत विचारले होते. "पूर्ण नाव?" असे विचारले होते. आपल्याकडे या प्रश्नातला 'पूर्ण' हा शब्द कशासाठी असतो, ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि सांगणाऱ्यालाही. त्यांनी आडनाव सांगितले, मला जे कळून घ्यायचे होते ते कळले, आणि मी त्यांना 'बसा' म्हणायला विसरलो. विसरलो, असे मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे. ते स्टूल त्यांनी आपणच ओढून घेतले होते. चहा आला तो मला कपबशीत आणि त्यांना कागदी कपात. त्यांनी कप उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "हे बरं हाय सर. धुवायची कटकट न्हाई. सगळ्यांनाच चालू करा." दुसऱ्या दिवसापासून मीही कागदी कपातून चहा घेऊ लागलो आणि आपण फार मोठी सुधारणा केली, असा माझा समज झाला. बशी मात्र मी सोडली नव्हती.

'काटेवाले' हे नाव त्यांना अर्धापूरच्या वजनकाट्याने दिले. केळीने भरलेल्या गाड्या जिथे तोलतात, त्या काट्याच्या खोलीत ते वीस वर्षे बसले. तिथला संगणक एकदा बंद पडला. दुरुस्तीचा माणूस "उद्या येतो" म्हणत आठवडाभर आला नाही, तेव्हा यांनी नांदेडच्या रद्दीतून संगणकाचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि एक शब्दकोश आणला. गाडी आली की तोलायची, गेली की पुस्तक उघडायचे. दोन वर्षांत त्यांनी काट्याचा सगळा प्रोग्राम स्वतः नव्याने लिहून काढला. पुढे नांदेड-लातूरच्या दुकानांची आणि दवाखान्यांची कामे आली. "पुस्तकाची पहिली चाळीस पानं उंदरांनी खाल्ली व्हती," ते सांगत. "त्याच्यामुळं प्रस्तावना काय असती ते मला अजून ठाव न्हाई. डायरेक्ट कामालाच लागलो." हे शब्दशः खरे होते. बोलतानाही ते कधी प्रस्तावना करीत नसत. आत येत, पिशवीतून केळी काढून टेबलावर ठेवीत आणि म्हणत, "हां, कुठं दुखतंय?"

त्यांचे सगळेच काही कौतुक करण्यासारखे होते असे नाही. लॅपटॉप ते लहान मुलाच्या गोधडीत गुंडाळून आणीत आणि एसटीत मांडीवर घेऊन बसत. त्यामुळे शेजारच्या बायका "किती महिन्याचं हाय?" असे विचारीत. वेळेवर येणे त्यांना माहीत नव्हते. फोनवर ते काहीही दुरुस्त करून देत नसत. "फोनवर माणूस सांगतो ते ऐकू येतं, करतो ते दिसत न्हाई," हे त्यावरचे उत्तर. एवढ्यासाठी ते अर्धापूरहून लातूरला येत, एक बटण दाबत आणि परत जात. हट्टी तर इतके की अध्यक्षांच्या नावाचे अक्षर पडद्यावर मोठे करण्यास त्यांनी साफ नकार दिला. "ते स्वतः कधी बघत न्हाईत. जी बाई रोज बघती तिचा चष्मा फुटलाय. तिच्यासाठी मुलींची नावं मोठी केलीत. आता जागाच उरली न्हाई."

ती बाई म्हणजे आमच्या डब्याच्या खोलीतल्या प्रयागबाई. ज्यांनी लातूरला शिकायला लेकरू ठेवले आहे, त्यांना डब्याची खोली सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. आमच्याकडच्या मुली मोठ्या प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी खेड्यांतून येऊन राहतात. वसतिगृहात मेस असते, पण आईचा जीव मेसवर बसत नाही. रेणापूर, शिरूर अनंतपाळ आणि अशाच गावांहून सकाळच्या एसटीने डबे येतात. स्टँडवरून आमची रिक्षा ते आणते, खोलीत ते फळ्यांवर लागतात, दुपारी मुली घेऊन जातात, आणि चारच्या सुमारास रिकामे डबे परतीच्या गाड्यांसाठी निघतात. डबे सगळे स्टीलचे, पिशव्या सगळ्या कापडदुकानांच्या. एकीची शेंगदाण्याची चटणी दुसरीने खाल्ली की रात्रीपर्यंत दोन गावांचे वैर पेटत असे. हा घोळ मिटवण्यासाठीच आम्ही काटेवाल्यांना बोलावले होते. काम साधे होते. कुठला डबा कोणाचा, आला की नाही, गेला की नाही.

पहिला सबंध दिवस ते प्रयागबाईंच्या शेजारी बसले. चार वाजता परतीचे डबे रिक्षात चढू लागले, तेव्हा त्यांना काहीतरी दिसले. माझी त्या इमारतीत अकरा वर्षे गेली होती, पण मला ते कधी दिसले नव्हते. प्रत्येक डबा पुढे देण्याआधी प्रयागबाई तो क्षणभर हातात तोलून धरीत.

"काय बघून राहिलात बाई?" त्यांनी विचारले.

"काय न्हाई. हलका हाय का बघते. पोरीनं खाल्लं का न्हाई ते कळतंय."

"आन् जड लागला तर?"

"तर जाते वर. इचारते."

काटेवाले उठून उभे राहिले. दिवसभरात पहिल्यांदाच. माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमचा प्रोग्राम तर बाईंकडं हाय. मी नुसता लिहून घेतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी किराणा दुकानात असतो तसा एक लहान विजेचा काटा आणून खोलीत बसवला. प्रयागबाईंना तो आवडला नाही. "भाजीवाल्यावानी तोलायचं व्हय आता?" काटेवाले म्हणाले, "बाई, तुमचाच हात हाय तो. तुमी रजेवर गेलात तर तुमच्या जागी बसंल." मला त्यांनी वेगळे समजावले. काट्यावर गाडी दोनदा तोलतात, भरलेली एकदा आणि रिकामी एकदा. एकदाच तोलली तर नुसता आकडा मिळतो, माल किती उतरला ते कळत नाही. डब्याचेही तसेच. सकाळी एकदा, दुपारी एकदा. आणि कोणाचा डबा सलग दोन दिवस भरलेला परत निघाला, तर व्यवस्थापकाच्या मोबाइलवर संदेश: 'खोली अमुक. डबा भरलेला परत. वर जाऊन विचारा.'

त्या 'विचारा'ने माझी झोप उडवली असे म्हटले तर ते खोटे ठरेल. त्याने फक्त माझा अहंकार दुखावला. तीस वर्षे मी कागदावर 'नोंद घेतली' असे लिहीत आलो होतो, आणि एक यंत्र मला आज्ञार्थात जिने चढायला सांगत होते. मी काटेवाल्यांना सौम्यपणे सुचवले, "त्याऐवजी 'कृपया नोंद घ्यावी' असे करता येईल का?"

"करता येईल की. नोंद घेऊन काय करता सर?"

"नोंद घेतो."

"आन् मग?"

संदेश होता तसाच राहिला.

संदेश येऊ लागले आणि बहुतेक वेळा ते फुसके निघाले. डब्यात गवार होती म्हणून खाल्ले नाही. मैत्रिणीचा वाढदिवस होता. मेसमध्ये पावभाजी होती. महाशिवरात्रीला तर, आदल्या दिवशीही मेसची पावभाजी झाल्यामुळे, माझा मोबाइल चार वाजता उठला तो रात्रीपर्यंत खाली बसला नाही. सगळे वसतिगृह उपाशी, आणि प्रत्येक खोलीसाठी मला एकच हुकूम: वर जाऊन विचारा. काटेवाले दुसऱ्याच दिवशी आले, कपाळाला हात लावून बसले आणि म्हणाले, "चूक माझी. मशीनला उपास सांगायचा राहिला." मग त्यांनी मजल्यामजल्यावर जाऊन उपासांची यादी केली. गुरुवार, चतुर्थी, रोजे. आणि एका मुलीचा 'वजन कमी करायचा, सोमवार ते शनिवार'. तिला त्यांनी दहा मिनिटे काय सांगितले ते ठाऊक नाही, पण तो उपास यादीत आला नाही.

मी एकदा चिडून म्हटले, "काटेवाले, दहापैकी नऊ वेळा गवार निघते हो."

"गवार निघाली तर बरंच झालं की सर. वर जायचा तरास वाया जावा, म्हणून तर जायचं."

मी स्वतः क्वचितच गेलो. गुडघ्यांचे कारण होते. प्रयागबाई जात. दोन वर्षे असे चालले. त्या दोन वर्षांत प्रयागबाईंनी वर जाऊन काय काय ऐकले, कोणाला किती वेळा जवळ बसवून घास भरवले, ते कुठेही नोंदले गेले नाही. मी नोंद घेणारा माणूस होतो, तरीही.

तिसऱ्या वर्षी अध्यक्षांनी पुण्याच्या एका कंपनीचा माणूस आणला. टाय लावलेला, नम्र, हसतमुख. त्याच्याकडे पालकांसाठी ॲप होते. आईच्या मोबाइलवर रोज मुलीचे दिवसभराचे हिरवे टिचके, म्हणजे 'झाले'च्या खुणा, जाणार. क्लासला गेली: टिचका. टेस्ट दिली: टिचका. जेवण पूर्ण: टिचका. सभेत टाळ्या पडल्या. काटेवाले दाराशी स्टुलावर बसले होते. जुनी माहिती समजावून देण्यासाठी मीच त्यांना बोलावले होते. त्यांनी बसल्याजागी एकच प्रश्न विचारला. "भाऊ, पोरगी जेवली का न्हाई हे त्याला कसं कळतं?"

"सिंपल आहे सर. डबा रिटर्न झाला की जेवण पूर्ण. आमच्याकडे एआय आहे."

"असंल की. लई हुशार असतंय ते, मी बी वापरतो. पण त्याला डबा उचलून बघता येतो का?"

लोक हसले. कोणाला हसले ते त्या क्षणी मला ओळखता आले नाही. म्हणजे ओळखता आले होते. अध्यक्षांनी विचारले, "हे कोण?" दोन वर्षे ज्यांचा प्रोग्राम अध्यक्षांच्याच इमारतीत चालत होता, त्यांच्याविषयी. उत्तर देण्याचे काम माझ्याकडे होते. मी म्हणालो, "स्थानिक पातळीवर तात्पुरती व्यवस्था पाहणारे गृहस्थ आहेत."

मी हे वाक्य फार काळजीपूर्वक जुळवले होते. त्यात नाव नव्हते, काम नव्हते, दोन वर्षे नव्हती. अपमान म्हणता येईल असा एकही शब्द नव्हता. आयुष्यभर मी अशाच वाक्यांवर नोकरी केली.

काटेवाल्यांनी लॅपटॉप गोधडीत गुंडाळला. जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. "सर, माझं सगळं काढा. पण ती 'वर जाऊन विचारा'ची एक ओळ तेवढी राहू द्या. नसंल जमत, तर प्रयागबाईंना तरी त्या खोलीतून हलवू नका."

मी म्हणालो, "नोंद घेतो."

ते हसले. त्या हसण्यात राग असता तर मला सोपे गेले असते. "घ्या," म्हणाले, आणि केळ्यांची फणी टेबलावर ठेवून गेले.

महिन्याभरात डब्याच्या खोलीत क्रमांक घातलेले कप्पे आले. मुलीने कप्प्यात डबा ठेवला की टिचका आपोआप उमटे, म्हणून खोलीत माणूस नको झाला. प्रयागबाईंची बदली बागेत झाली. त्या आदेशावर सही माझी. काटा मेसच्या स्वयंपाकघरात बटाटे तोलायला गेला. संदेश थांबले. मी अध्यक्षांना म्हणालो देखील, "आता बरीच शांतता आहे."

ती शांतता सात आठवडे टिकली. एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी जिन्यात कोसळली. शिरूर अनंतपाळकडची, अबोल, अभ्यासू. दवाखान्यात डॉक्टरांनी तिचे मनगट दोन बोटांत धरून मला विचारले, "ही किती दिवसांपासून जेवत नाही?" मी मोबाइल काढून पाहिला. एकही दिवस चुकलेला नव्हता. जेवण पूर्ण, जेवण पूर्ण, जेवण पूर्ण.

दुपारी तिची आई आली. शेतातून तशीच निघाली होती. माझ्यावर ओरडली नाही. स्वतःलाच सांगावे तसे म्हणाली, "डबा भरलेला येत व्हता सर. मी फोन केला तर म्हनली, मेसमधी खाल्लं आई. आन् माझ्या मोबाइलवर बी 'जेवण पूर्ण' असंच येत व्हतं. मी म्हनलं, मोबाइल कशाला खोटं बोलंल?" मेसमध्ये विचारले, तर ते म्हणाले, तिचा तर घरून डबा येतो. मुलीने तीन आठवड्यांपूर्वी एका टेस्टमध्ये मार्क कमी पडल्यावर मनाशी ठरवले होते, मार्क वाढल्याशिवाय आईचा डबा उघडायचा नाही. दिवसातून चार बिस्किटे आणि पाणी. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर असेच चालले असते तर मी काही सांगू शकलो नसतो.

तीन आठवडे. पहिल्या दोन दिवसांनंतरच माझ्या खिशात तो आज्ञार्थी हुकूम वाजला असता.

चौथ्या दिवशी, मुलगी धोक्याबाहेर असल्याचे ऐकून, मी अर्धापूरला गेलो. क्षमा मागायची होती, आणि क्षमेचा मजकूर मी एसटीत नांदेडपर्यंत जुळवीत होतो. काटेवाले वजनकाट्याच्या खोलीत बसले होते. बाहेर केळीची गाडी काट्यावर उभी होती. मला पाहून त्यांनी आपली खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसले. मी सगळे सांगितले. सभेतले ते वाक्यही पुन्हा उच्चारले, माझ्या तोंडून त्यांनी ते एकदा ऐकले असूनही.

त्यांनी मजकुराकडे लक्ष दिले नाही. "पोरगी जेवती का आता?"

"प्रकृतीत सुधारणा असल्याचे समजते."

"समजते म्हंजे? तुमी इचारलं का तिला?"

मी दवाखान्यात रोज गेलो होतो. डॉक्टरांना भेटलो होतो, अर्ज भरले होते, अध्यक्षांना अहवाल दिला होता. मुलीच्या खाटेपाशी उभे राहून तिला मी एकदाही विचारले नव्हते. काटेवाल्यांनी बाहेरच्या ड्रायव्हरला हात केला, गाडीचे वजन लिहून घेतले आणि मग म्हणाले, "नांदेडहून लातूरची गाडी दीड वाजता हाय. सापडंल."

परत या, असे मी त्यांना विनवले. ते आले नाहीत. "आता माझं काम न्हाई तिथं. तुमाला ठाव हाय काय करायचं ते," एवढेच म्हणाले. कपाटातून एक पेनड्राइव्ह काढून दिला. त्यात तो जुना प्रोग्राम होता. प्रोग्रामात काही ओळी यंत्रासाठी नसतात, पुढे तो वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. काटेवाल्यांनी त्या मराठीत लिहिल्या होत्या. 'बाईंचा चष्मा फुटला आहे, अक्षर मोठे ठेवणे.' 'महाशिवरात्रीला संदेश पाठवू नये, सरांना त्रास होतो.' आणि अगदी वर, जिथे करणारा आपले नाव घालतो, तिथे: 'मूळ रचना प्रयागबाई यांची. मी लिहून घेतले.' त्यांचे स्वतःचे नाव मी शेवटपर्यंत शोधले. ते कुठेच नव्हते. ते पूर्ण नाव, जे मी पहिल्या दिवशी इतक्या तत्परतेने विचारून घेतले होते, ते त्या ओळीखाली मी माझ्या हाताने घातले.

काटेवाल्यांची आणि माझी भेट पुन्हा झाली नाही. त्यांनी काटा सोडला आणि आपल्या लेकीकडे राहायला गेले, एवढे कळले. कळले म्हणजे कोणीतरी सांगितले. मी अजून विचारलेले नाही. तेवढे करायचे आहे.

दीडची गाडी मला सापडली होती, आणि त्याच संध्याकाळी मुलीच्या खाटेपाशी बसून मी तिलाच विचारले होते. काटा बटाट्यांतून परत आला. प्रयागबाई बागेतून परत आल्या, पण माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत, आणि ते योग्यच झाले. अध्यक्षांच्या पाहुण्यांसाठी ते ॲप अजून चालू आहे. 'जेवण पूर्ण'चा टिचका मात्र मी लेखी मागणी करून बंद करवला. ते माझे पहिले पत्र, ज्यात मी 'नोंद' हा शब्द वापरला नाही. चार वाजता मी डब्याच्या खोलीत बसतो. स्टुलावर. वर जाण्याचे काम आता माझ्याकडे आहे.

परवा रेणापूरचा एक डबा दुसऱ्या दिवशीही जड लागला. तीन मजले चढलो. दम खात दार वाजवले. मुलीने उघडले आणि माझ्या हातातला डबा पाहून ओशाळली.

"सर, गवार हाय हो."

"कालही?"

"काल बी. आईला लई आवडती."

मी तिथेच दारात डबा उघडायला लावला. गवारच होती.

मी जिना उतरलो तेव्हा गुडघे ठणकत होते, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादे काम इतके पूर्ण झाल्यासारखे मला कधी वाटले नव्हते.